आपोआप ब्रेक लावणारा ट्रेलर आणि ड्रायव्हरने काढून ठेवलेला फ्यूज

कळंबोलीच्या एका वाहतूकदाराचा प्रश्न थोडक्यात असा: "आमचे सहा ट्रेलर आहेत. अलीकडे दोन नवे घोडे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाड्या, घेतले. त्यांत समोरची गाडी ओळखून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, लेन सोडली की वाजणारा बझर आणि ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा आहे. गेल्या महिन्यात उरण रस्त्यावर समोर काहीही नसताना गाडीने करकचून ब्रेक लावला. मागचा टेम्पो थोडक्यात वाचला. त्या दिवसापासून आमच्या जुन्या ड्रायव्हरने फ्यूजच काढून ठेवलाय. मुलगा म्हणतो, यंत्रणा चालू ठेवा, आणि झोपेचा अलार्म आहेच तर अहमदाबादच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर कशाला? मी कोणाचं ऐकू?"

तुमच्या ड्रायव्हरने जे सांगितलं ते खरं आहे, असं धरून चाला. त्याने फ्यूज काढला ते मात्र चूक. आणि मुलाचं दुसऱ्या ड्रायव्हरबद्दलचं म्हणणं या दोन्हींपेक्षा जास्त धोक्याचं आहे. मी चोवीस वर्षं याच पट्ट्यात आहे. कळंबोलीत ब्रेकचा मिस्त्री म्हणून सुरुवात केली, आता कंटेनरवाल्यांच्या गाड्यांची देखभाल आणि ड्रायव्हरांचं प्रशिक्षण बघतो. गेली तीन-चार वर्षं अशा यंत्रणांचे घोडे माझ्याकडे यायला लागलेत. या काळात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. यंत्रणा चालू की बंद, यावरून मालक आणि ड्रायव्हर भांडत बसतात, पण ती आल्यावर आपण कोणकोणत्या गोष्टी करायच्या सोडून दिल्या हे कोणी बघत नाही. अंतर ठेवणं, माल बांधणं, ब्रेक तपासणं, झोप घेणं, यातलं काही "आता गाडी बघून घेईल" म्हणून सुटलं, तर धोका तिथून आत येतो.

तुमची गाडी मी पाहिलेली नाही. कंपनी कोणती, रडार एकटं आहे की सोबत कॅमेराही आहे, ट्रेलर किती जुना, माल कोणता, यांवर बरंच अवलंबून आहे. तरी काही गोष्टी सगळ्याच गाड्यांना लागू पडतात, त्या सांगतो.

आधी रिकाम्या रस्त्यात ब्रेक का लागतो ते. बंपरच्या मागचं रडार लाटा सोडतं आणि परत आलेल्या लाटांवरून समोर काय आहे, किती लांब आहे, किती वेगाने जवळ येतंय हे ठरवतं. लोखंडावरून लाटा जोरात परत येतात. उरण रस्त्याला दोन्ही बाजूंना कंटेनरच्या रांगा उभ्या असतात. वळणावर गाडीचं तोंड क्षणभर त्या उभ्या ट्रेलरकडे असतं. तुमच्या ड्रायव्हरला ठाऊक असतं की आपण आता वळणार, यंत्राला ते दरवेळी कळत नाही. चढावर पुढची कमान किंवा पादचारी पूलही असाच समोर उभा राहिल्यासारखा भासतो. त्यात रडारचा कोन जरासा हलला असेल तर बघायलाच नको. एका अंशाचा फरक म्हणजे १०० मीटरवर पावणेदोन मीटर. म्हणजे यंत्र आपली लेन सोडून अर्ध्या लेनने बाजूला बघतंय.

तळोज्याच्या एका मालकाची गाडी माझ्याकडे आली होती, तक्रार हीच. वर्कशॉपने लॅपटॉप लावला, फॉल्ट नाही म्हणून दोनदा परत पाठवली. मी खाली वाकून बघितलं तर रडारची पट्टी एका बाजूने दबलेली. यार्डात फोर्कलिफ्ट घासून गेली होती, बंपर ठोकून सरळ केला होता, रंगही दिला होता. रडारचा कोन पुन्हा जुळवून घ्यायला कोणी सांगितलंच नव्हतं. तो जुळवला आणि त्रास थांबला. असंच काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं होतं. पुढे लावलेलं लोखंडी गार्ड, काचेवरची झालर, रडारच्या झाकणावर बसलेला पावसाळी चिखल, नव्या गाडीला घातलेला जाडजूड हार, हे सगळं यंत्राच्या डोळ्यांपुढे येतं. गाडी सजवण्यामागची माया मला कळते. देवाचा फोटो डॅशबोर्डवर ठेवा, कॅमेऱ्यासमोरची काच तेवढी मोकळी सोडा.

हे फक्त आपल्याच रस्त्यांवर होतं असंही नाही. समोर काही नसताना ब्रेक लागतो अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने २०२३ मध्ये सुमारे अडीच लाख जड ट्रकची चौकशी सुरू केली होती. तेव्हा तुमच्या जुन्या ड्रायव्हरला, म्हणजे मामांना, "तुलाच डुलकी लागली असेल" असं कोणी म्हटलं असेल, तर त्यांची समजूत काढा. अनुभवी माणूस एकदा खोटा ठरवला गेला की पुढच्या वेळी काही सांगत नाही, गुपचूप फ्यूज काढतो.

आता उलट बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. यंत्राने ब्रेक लावायला हवा आणि लावला नाही, असंही होतं. आपल्या रस्त्यांवर ट्रकवाल्याचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, तर लेनमध्ये बंद पडलेली, दिवे नसलेली, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवून उभी असलेली गाडी. आणि उभी वस्तू ओळखणं हेच रडारला सगळ्यात अवघड जातं. खांब, पाट्या, कठडे सगळे उभेच असतात. त्या प्रत्येकासाठी ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून उभ्या वस्तूंकडे बरंचसं दुर्लक्ष करायचं असं जुन्या यंत्रणांना शिकवलेलं असतं.

युरोपात २०१५ च्या नोव्हेंबरपासून नव्या जड ट्रकना ही यंत्रणा सक्तीची झाली. त्यामागे संयुक्त राष्ट्रांचा १३१ क्रमांकाचा नियम आहे. त्याच्या एका जुन्या आवृत्तीतली परीक्षा वाचून मी ड्रायव्हरांना शिकवण्याची पद्धत बदलली. ८० च्या वेगाने जड ट्रक उभ्या गाडीकडे जात असेल, तर धडकेआधी वेग निदान २० ने कमी झाला म्हणजे पास. म्हणजे ६० च्या वेगाने धडकलेली यंत्रणाही कागदावर उत्तीर्ण होऊ शकत होती. पुढे नियम कडक झाले. पण "आपोआप ब्रेक" हे शब्द ऐकून ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? गाडी जागेवर थांबेल. तसं वचन त्या परीक्षेत कधीच नव्हतं.

तरीही ८० वरून ६० वर येणं मोलाचं आहे. धडकेची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तेवढ्यानेही ती ४४ टक्क्यांनी उतरते. शिवाय ड्रायव्हर कितीही तरबेज असला तरी डोळ्याने बघून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. ते तीसेक मीटर यंत्र वाचवू शकतं. हवेच्या ब्रेकला दाब चाकापर्यंत पोचायला वेळ लागतोच, तो दोघांनाही सारखाच. म्हणून मी फ्यूज काढायच्या विरोधात आहे. आणि त्याच फ्यूजवर, त्याच वायरिंगवर आणखी काय चालतं हे न बघता फ्यूज उपटणं ब्रेकच्या बाबतीत तर अजिबातच करू नये. काही गाड्यांत यंत्रणा तात्पुरती बंद करायला बटण दिलेलं असतं. बंदराच्या गेटवरच्या रांगेत किंवा यार्डात ते वापरायचं आणि बाहेर पडताना पुन्हा चालू करायचं.

एक सवय सांगतो, जी आपल्याकडे सर्रास आहे. मागच्या गाडीला "ये पुढे" म्हणायला आपले ड्रायव्हर उजवा इंडिकेटर देतात, कधी कधी तो तसाच राहतो. इंडिकेटर चालू असला की लेनचा बझर गप्प बसतो, कारण यंत्राला वाटतं चालक मुद्दाम लेन बदलतोय. काही गाड्यांत इंडिकेटर दिला, ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटकलं, तर आपोआप लागलेला ब्रेकही सुटतो. ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे, शेवटचा शब्द माणसाचा असावा म्हणून. पण ड्रायव्हरला हे सांगितलेलंच नसतं. पहिल्यांदा ब्रेक लागला की तो दचकतो, पाय चुकीच्या पॅडलवर जातो, आणि यंत्रणा समजते की त्याला पुढेच जायचंय.

तुमच्या प्रश्नात माल कोणता ते नाही. कळंबोलीचे आहात म्हणजे लोखंड बाजाराचा माल असणारच, म्हणून इथे जरा थांबतो. वीस टनांची कॉइल, म्हणजे पोलादी पत्र्याची गुंडाळी, घ्या. जोरदार ब्रेकमध्ये गाडीचा वेग दर सेकंदाला पाच मीटरने उतरतो, म्हणजे कॉइल तिच्या वजनाच्या निम्म्या जोराने, सुमारे दहा टनांनी, पुढे यायला बघते. पाट्यावर लाकडी गुटके आणि दोन साखळ्या. लोखंडाला तेलाचा हात लागलेला. घर्षण त्यातला थोडाच भाग धरतं, उरलेला सगळा भार साखळी आणि गुटक्यावर. भोक आडवं ठेवलेली कॉइल तर चाकासारखी सरळ केबिनकडे निघते. युरोपात पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट जोर येईल असं धरून माल बांधतात. आपल्याकडे "मामा सावकाश ब्रेक मारतात" या भरवशावर बांधतात.

आतापर्यंत ते चाललं, कारण मामा खरंच सावकाश ब्रेक मारतात. मागे कॉइल आहे हे त्यांच्या पाठीला कळतं. समोर रिक्षा घुसली तर ते आधी बाजूला काढतील, हॉर्न देतील, अगदी शेवटी पूर्ण ब्रेक देतील. यंत्राला मागे काय लादलंय ते ठाऊक नाही. ते धडक टाळायला पूर्ण ताकद लावतं. म्हणजे जी बांधणी पंधरा वर्षांत कधी तपासली गेली नाही, तिची परीक्षा एखाद्या दिवशी तुर्भ्याच्या सिग्नलला होणार. नवी गाडी आली त्याच दिवशी साखळ्या, टाइटनर, गुटके नव्याने बघायला हवेत, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो आणि यासाठी भांडतोही. कंटेनर असेल तर डबा ट्रेलरला अडकवणारे चारही ट्विस्ट लॉक बसलेत का, हे हाताने हलवून बघायचं. रिकाम्या डब्याला लॉक न लावता गेटबाहेर पडणारे मी रोज बघतो. अर्धा भरलेला टँकर असेल तर आतलं रसायन ब्रेकसरशी पुढे धावून येतं, तिथेही हेच.

आणि ट्रेलर. घोडा नवा, त्याचे ब्रेक इलेक्ट्रॉनिक, पण मागे लावलेला ट्रेलर दहा-बारा वर्षांचा. चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएसची केबल एक तर लटकतेय किंवा तिचा प्लगच गायब. ब्रेकमधली ढिलाई काढणारे स्लॅक ॲडजस्टर कधी जुळवले ते कोणाला आठवत नाही. यंत्राने पूर्ण ब्रेक दिला की घोडा थांबायला बघतो, ट्रेलर थांबत नाही, तो ढकलतो आणि घोड्यावर दुमडतो. नाहीतर ट्रेलरची चाकं लॉक होतात आणि तो शेजारच्या लेनवर झाडूसारखा फिरतो. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल आणि चिखल एक झालेला असताना, शेजारी बाइकवाले असतात. तुमच्या दोन नव्या घोड्यांसाठी सहांपैकी सगळ्यात चांगले दोन ट्रेलर नेमून द्या, आणि त्यांचे लायनर, हवेची गळती आणि एबीएसचा दिवा दर फेरीला बघा. खर्च फार येत नाही.

घाटाचं दोन ओळींत. चाकणहून भरून येताना लोणावळ्याआधीच क्रूझ कंट्रोल बंद, खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी रोखणारा). अंतर राखणारं क्रूझ उतारावर काही गाड्यांत पायाचाच ब्रेक पुन्हा पुन्हा वापरतं, लायनर तापतात, आणि खोपोलीकडच्या तीव्र उतारावर पोचेपर्यंत ब्रेकमध्ये जीव राहत नाही.

आता मुलाचा मुद्दा. त्याचं वय आणि उत्साह मी समजू शकतो, पण इथे हिशेब साधा आहे. न्हावा शेवा ते अहमदाबाद साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. घोडबंदर, वसईची कोंडी धरून भरलेल्या ट्रेलरची सरासरी ४० पडली तर तेरा-चौदा तास होतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असं माप घालून दिलं होतं. ते कोणी हौसेने लिहिलेलं नाही. एकट्या माणसाने ती फेरी करायची तर मध्ये मुक्काम हवा. मुक्काम नको असेल तर दुसरा माणूस हवा.

झोपेचा अलार्म डोळे मिटल्यावर वाजतो. तीन सेकंद डोळे मिटले तर ८० च्या वेगात गाडी ६५ मीटरच्या पुढे गेलेली असते. अलार्म वाजला म्हणजे माणूस आधीच थकलाय आणि आता थांबायला हवं. त्याने झोप भरून निघत नाही. वाजल्यावर थांबायची मुभा ड्रायव्हरला आहे का, हा खरा प्रश्न मालकाला विचारायचा असतो. डिलिव्हरीची वेळ चुकली तर भत्ता कापणार असाल, तर तो तोंडावर पाणी मारून पुढे निघेल.

मी ज्यांच्याकडे काम करत होतो अशा एका ठिकाणी दर अलार्मला पगारातून पैसे कापायचं ठरलं. महिन्याभरात कॅमेऱ्यांवर चिकटपट्ट्या आल्या, कोणी रात्री काळा चष्मा लावू लागला. त्यांचंही चुकत नव्हतं. आरशात बघितलं तरी बझर, तोंडात घास असला तरी बझर, असे खोटे अलार्म त्यात भरपूर होते. मी मालकांना विनंती केली की दोन महिने एक रुपयाही कापू नका, फक्त वेळा मला द्या. त्या वेळा मांडल्यावर दिसलं की खरे अलार्म बहुतेक पहाटे तीन ते पाचमधले, आणि तेही संध्याकाळी गेटवर चार-पाच तास रांगेत ताटकळून मग निघालेल्या गाड्यांचे. ड्रायव्हर निघायच्या आधीच दमलेले होते. निघायची वेळ बदलली, रांगेत दुसरा माणूस बसवला. चिकटपट्ट्या त्यांनी स्वतःच काढल्या.

मुलगा अमेरिकेतल्या विनाचालक ट्रकचा दाखला देत असेल. डॅलस ते ह्यूस्टन अशी सेवा २०२५ मध्ये सुरू झाली हे खरं, पण तो एक ठरलेला हमरस्ता आहे आणि त्या गाड्यांवरची उपकरणं तुमच्या घोड्यापेक्षा फार वेगळी आहेत. त्याच देशात २०२२ च्या एप्रिलमध्ये टूसॉनजवळ एका कंपनीचा स्वयंचलित ट्रक हमरस्त्यावर अचानक डावीकडे वळून काँक्रीटच्या कठड्यावर आदळला. काही मिनिटांपूर्वीचा शिळा आदेश संगणकाने यंत्रणा पुन्हा चालू होताच पाळला होता. आत बसलेल्या माणसाने स्टिअरिंग ओढलं म्हणून निभावलं. तुमच्या गाडीत जे आहे ते चालकाला मदत करणारं आहे. अपघात झाला तर पोलीस स्टिअरिंगवरच्या माणसाला आणि तुम्हाला विचारतील. आपल्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२५ मध्ये नव्या जड वाहनांसाठी आपोआप ब्रेक, लेनचा इशारा आणि झोपेचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा काढला होता. म्हणजे आज दोन घोड्यांचा प्रश्न आहे, उद्या सहाही गाड्यांचा असेल. आत्ताच नीट घडी बसवलेली बरी.

तेव्हा फ्यूज पुन्हा लावा, पण त्याआधी गाडी वर्कशॉपला नेऊन रडार आणि कॅमेऱ्याचा कोन जुळवून घ्या. दुसरा ड्रायव्हर काढू नका. कॅमेऱ्यावरून पैसे कापू नका. साखळ्या आणि ट्रेलरचे ब्रेक या आठवड्यात बघा. मामांना मोकळ्या जागेत, रिकाम्या गाडीने, बझर कधी वाजतो आणि इंडिकेटर दिल्यावर काय होतं ते एकदा करून दाखवायला कंपनीच्या माणसाला बोलवा. गाडी विकताना किल्ली देऊन फोटो काढतात, हे शिकवणं राहून जातं, आणि ते मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिल्या फेरीला तुम्ही स्वतः मामांच्या शेजारी बसा. मुलालाही न्या. केबिनमध्ये एक वही ठेवा आणि कारण नसताना बझर वाजला किंवा ब्रेक लागला की जागा, वेळ, पाऊस होता का, गाडी भरलेली की रिकामी, एवढं लिहायला सांगा. मामांना लिहिता येत नसेल तर फोनवर बोलून ठेवू देत. आठ-दहा फेऱ्यांनंतर ती वही घेऊन वर्कशॉपला जा. "कधी कधी ब्रेक लागतो" म्हटलं तर ते पुन्हा फॉल्ट नाही म्हणून परत पाठवतील. "गव्हाण फाट्याच्या पुढच्या वळणावर, रिकाम्या ट्रेलरला, तीन वेळा" म्हटलं की त्यांना खाली वाकून बघावंच लागेल.